विंडोजवर बॅच फाइलने गेम चालू करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे. एरवी त्यावर मेंटेनन्सच्या पावत्या निघतात, पण मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी चार ते सहा तो मुलांच्या ताब्यात असतो. त्यावरचे सगळे गेम मी लिहिलेल्या बॅच फाइलींमधून चालू होतात. ते बघून मुलं विचारतात, मुलांचे आईवडील विचारतात, ठाण्याहून भाचा फोन करून विचारतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

वाचण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, भाच्याला फोनवर सांगतो तशाच. तुमच्या फाइलीत त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. अक्षर कॅपिटल आहे की स्मॉल, याने विंडोजच्या कमांडना फरक पडत नाही. स्पेस, डबल कोट आणि स्लॅश मात्र दाखवलेत तसेच हवेत. फोल्डरच्या पत्त्यात उलटा स्लॅश येतो आणि कमांडच्या सूचनेआधी सरळ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बॅच फाइल म्हणजे नेमकं काय?

साधी मजकुराची फाइल. वाण्याच्या यादीसारखी, एका ओळीवर एक काम. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘.बॅट’ किंवा ‘.सीएमडी’ असलं की विंडोज ती ‘सीएमडी.ईएक्सई’ या प्रोग्रामकडे देतं आणि तो वरून खाली एकेक ओळ वाचून कामं उरकतो. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅड पुरे.

डेस्कटॉपवर गेमचा आयकॉन आहेच, मग हा खटाटोप कशाला?

नुसता गेम उघडायचा असेल तर खरंच गरज नाही, आयकॉनवर डबल-क्लिक करा. बॅच फाइल कामाला येते ती गेमच्या आधी किंवा नंतर आणखी काही करायचं असतं तेव्हा. आधी सेव्हची, म्हणजे खेळात कुठवर पोचलो ते साठवणाऱ्या फाइलीची, प्रत काढायची, मग गेम चालू करायचा, गेम बंद झाला की लॅपटॉप पुन्हा नेहमीच्या पॉवर सेटिंगवर आणायचा. किंवा एकच गेम दोन तऱ्हांनी चालू करायचा असतो, एकदा फुल स्क्रीन आणि एकदा थेट मित्राच्या सर्व्हरला जोडलेला. रोज हाताने कराल त्या पाच गोष्टी एकदा लिहून ठेवल्या की एका क्लिकवर होतात, आणि त्यातली एखादी विसरायची भीती राहत नाही.

ही पद्धत आली कुठून?

डॉसच्या काळातून. डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची प्रणाली. आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर १९८१ साली डॉस आलं, त्यातही बॅच फाइल चालायची. तेव्हा गेमसाठी ती लागायचीच, कारण डॉसच्या प्रोग्रामना थेट वापरायला ६४० केबी मेमरी मिळायची आणि त्यातच माउसचा, सीडीचा, साउंड कार्डाचा ड्रायव्हर बसवावा लागायचा. एखाद्या गेमला जागा कमी पडली की लोक ‘ऑटोएक्झेक.बॅट’ ही मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल उघडून नको त्या ओळी काढायचे आणि मशीन पुन्हा चालू करायचे. आज गेमच्या नावापुढे आपण जे पर्याय लिहितो, त्याची सवयही तेव्हाचीच. १९९३ च्या ‘डूम’मध्ये नावापुढे ‘-वार्प १ ३ -स्किल ४’ लिहिलं की पहिल्या भागाचा तिसरा नकाशा थेट अवघड पातळीवर उघडायचा. आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला त्यांना ‘प्रिन्स मेगाहिट’ आठवत असेल. तेव्हा आम्हाला तो मंत्र वाटायचा. प्रत्यक्षात प्रोग्रामच्या नावापुढे लिहिलेला तो एक शब्द होता, आणि तो वाचून गेम चीटची बटणं मोकळी करायचा.

मी स्वतः बॅच फाइल पहिल्यांदा बघितली ती ठाणे स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत. दहा-बारा मशीन, सगळीकडे ‘काउंटर-स्ट्राइक १.६’. प्रत्येक डेस्कटॉपवर ‘मॅच’ नावाची एक फाइल होती. तिच्यावर क्लिक केलं की गेम उघडून थेट कोपऱ्यातल्या सर्व्हरवर आपण हजर. एकदा मालक जेवायला गेले असताना मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत एकच ओळ:

एचएल.ईएक्सई -गेम सीस्ट्राइक +कनेक्ट १९२.१६८.१.५

एवढंच! पुढे मी जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या एका ओळीपासून झाली. मशीन काय करतं ते उघडून वाचता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मालकांनी नंतर रागावण्याऐवजी शेजारी बसवून प्लसच्या खुणेचा अर्थ सांगितला: वजा चिन्हाचे पर्याय गेम सुरू होतानाच ठरतात, प्लसच्या पुढची कमांड गेम स्वतःच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आतल्या कमांडच्या खिडकीत, चालवतो.

पहिली फाइल कशी लिहायची?

आमच्या ऑफिसातल्या मशीनवरचं उदाहरण घेतो. ‘सुपरटक्सकार्ट’ हा गाड्यांच्या शर्यतीचा फुकट आणि मुक्त गेम आहे. तो ‘डी’ ड्राइव्हवर ‘गेम्स’ फोल्डरमध्ये ठेवलाय. नोटपॅड उघडा आणि या तीन ओळी टाइप करा:

@एको ऑफ
सीडी /डी "डी:\गेम्स\सुपरटक्सकार्ट"
स्टार्ट "" "सुपरटक्सकार्ट.ईएक्सई" --फुलस्क्रीन

आता सेव्ह करताना ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाव ‘कार्ट.बॅट’ द्या आणि डेस्कटॉपवर ठेवा. डबल-क्लिक करा. झालं.

आता ओळ न् ओळ समजून घेऊ, कारण न समजता उतरवलेली फाइल बिघडली की दुरुस्त करता येत नाही.

‘एको ऑफ’ नसेल तर सीएमडी प्रत्येक ओळ आधी काळ्या खिडकीत छापून दाखवतो आणि मग चालवतो. ‘एको ऑफ’ ते छापणं बंद करतं, आणि सुरुवातीचं ‘ॲट’चं चिन्ह खुद्द त्या ओळीलाही छापू देत नाही. फाइल चालत नसेल तेव्हा मी ही ओळ आधी काढून टाकतो, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडली ते डोळ्यांसमोर येतं.

‘सीडी’ म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा. पुढचं ‘/डी’ फार महत्त्वाचं. ते नसेल तर सीएमडी ‘सी’ ड्राइव्हवरून ‘डी’ ड्राइव्हवर हलतच नाही, आणि तक्रारही करत नाही. मुकाट्याने जागच्या जागी राहतो, आणि पुढची ओळ अडली की आपण भलतीकडे चूक शोधत बसतो.

‘स्टार्ट’ गेम चालू करून लगेच पुढे सरकतो, म्हणून काळी खिडकी मागे रेंगाळत नाही. ‘स्टार्ट’ न लिहिता नुसतं गेमचं नाव लिहिलं तर गेम बंद होईपर्यंत बॅच फाइल तिथेच थांबते. हे थांबणं कधी कधी हवंच असतं, ते पुढे येईल.

‘स्टार्ट’पुढे ते रिकामे डबल कोट कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारलाय. ‘स्टार्ट’ डबल कोटमधला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजतो. तुम्ही ‘स्टार्ट "डी:\गेम्स\कार्ट.ईएक्सई"’ लिहिलंत तर गेम उघडत नाही. त्या नावाची एक रिकामी काळी खिडकी उघडते आणि तुमची वाट बघत बसते. म्हणून आधी रिकामे कोट देऊन शीर्षकाचा प्रश्न मिटवायचा, मग खरा पत्ता द्यायचा. आणि पत्त्याला कोट लागतातच, कारण ‘प्रोग्राम फाइल्स’ या नावातच स्पेस आहे.

फाइल बनवली, पण डबल-क्लिक केलं की नोटपॅडच उघडतं.

नाव ‘कार्ट.बॅट.टीएक्सटी’ झालंय. विंडोज शेवटचा भाग लपवतं म्हणून दिसत नाही. विंडोज ११ वर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा आणि ‘.टीएक्सटी’ खोडा.

काळी खिडकी उघडते आणि लगेच मिटते. काय लिहिलंय ते वाचताच येत नाही.

फाइलीच्या शेवटी ‘पॉज’ ही एका शब्दाची ओळ घाला. कुठलंही बटण दाबेपर्यंत खिडकी थांबेल. तरीही मिटत असेल तर आधी सीएमडी उघडा, बॅट फाइल माउसने ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा. अशी उघडलेली खिडकी बहुतेक वेळा मिटत नाही, एररचा संदेश समोर राहतो.

दुसऱ्याने पाठवलेल्या ओळी जशाच्या तशा पेस्ट केल्या, तरी चालत नाहीत.

डबल कोट बघा. चॅट किंवा वर्डमधून आलेल्या मजकुरात सरळ कोटांचे वळणदार कोट होतात आणि छोट्या वजा चिन्हाची लांब रेघ होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, सीएमडीला ते कोट वाटतच नाहीत. दोन्ही चिन्हं स्वतःच्या हाताने पुन्हा टाइप करा. भाच्याबरोबर पाऊण तास फोनवर घालवल्यावर मला हे सापडलं होतं.

गेम उघडतो, पण ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. थेट उघडला तर बरोबर चालतो.

गेम आपली चित्रं आणि आवाज बऱ्याचदा ‘आत्ता मी ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथे’ शोधतो. तुम्ही ‘सीडी’ची ओळ वगळून पूर्ण पत्ता दिलात तर गेम चालू होतो, पण उभा भलत्याच ठिकाणी असतो. बॅट फाइल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवली की तर हमखास, कारण तेव्हा सुरुवात विंडोजच्या ‘सिस्टम३२’ फोल्डरपासून होते.

बॅट फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवणार असाल तर यावर एक सुंदर उपाय आहे:

सीडी /डी "%~डीपी०"

टक्का, टिल्ड, डी, पी, शून्य, सगळं सलग. टिल्ड म्हणजे टॅबच्या वरच्या बटणावरची वेलांटीसारखी खूण. शून्य म्हणजे ही फाइल स्वतः, ‘डी’ म्हणजे तिचा ड्राइव्ह, ‘पी’ म्हणजे तिचा पत्ता. थोडक्यात, ‘मी जिथे ठेवलेली आहे तिथे जा’. पेनड्राइव्ह एका मशीनवर ‘ई’ होतो, दुसऱ्यावर ‘एफ’, तरी ही ओळ बदलावी लागत नाही. डेस्कटॉपवर हवी असेल तर मूळ फाइल तिथेच राहू द्या आणि तिचा शॉर्टकट काढा.

फोल्डरचं नाव मराठीत आहे. चालेल का?

चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, ‘यूटीएफ-८’ ठेवा, ‘विथ बीओएम’ असलेलं नको. ‘बीओएम’ असलं की फाइलीच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट बसतात आणि पहिलीच ओळ अडखळते. आणि ‘एको ऑफ’नंतर ही ओळ घाला:

सीएचसीपी ६५००१

यामुळे सीएमडी पुढच्या ओळी यूटीएफ-८ समजून वाचतो. काळ्या खिडकीत मराठी अक्षरं तुटक किंवा चौकोनी दिसली तर घाबरू नका. ती खिडकीची दाखवण्यातली मर्यादा आहे, ‘खेळ’ नावाचा फोल्डर तिला बरोबर सापडतो. मराठी माणसाने आपल्या मशीनवर मराठी नावं ठेवावीत असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे ‘सरळ इंग्रजी नाव दे ना’ हा सल्ला मी कुणाला देत नाही. एवढं खरं की काही जुने गेम स्वतःच अशा पत्त्यावर अडतात. तेवढ्यांना इंग्रजी फोल्डर द्यावा लागतो.

स्टीम किंवा एपिकवरचे गेम असे चालू होतात का?

होतात. स्टीम आणि एपिक ही गेमची ऑनलाइन दुकानं, त्यांचे गेम त्यांच्याच प्रोग्राममधून, म्हणजे लाँचरमधून, उघडतात. स्टीमच्या प्रत्येक गेमला एक क्रमांक असतो. स्टोअरमध्ये गेमचं पान उघडलं की तो वरच्या पत्त्यात दिसतो. ‘काउंटर-स्ट्राइक १.६’चा १०, ‘डोटा २’चा ५७०. मग ओळ अशी:

स्टार्ट "" "स्टीम://रनगेमआयडी/५७०"

एपिकचा पत्ता लांबलचक असतो. तो पाठ करू नका, एपिकमधून डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधला पत्ता उचला आणि कोटमध्ये टाका, फक्त त्यातली टक्क्याची प्रत्येक खूण दोनदा लिहा. अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारी यंत्रणा, असलेल्या ऑनलाइन गेमनाही हाच मार्ग. लाँचरला वळसा घालून थेट ईएक्सई, म्हणजे गेमची प्रोग्राम फाइल, चालवायला गेलात तर असे गेम बहुधा उघडतच नाहीत, तेव्हा कंपनीने दिलेल्या शॉर्टकटमधलं ‘टार्गेट’ जसंच्या तसं वापरा.

एक अडचण राहते. इथे बॅच फाइल फक्त लाँचरला निरोप देते. निरोप पोचला की तिचं काम संपतं, गेम कधी बंद झाला ते तिला कळत नाही. ‘गेम संपल्यावर अमुक कर’ या ओळी अशा गेमसाठी लगेच चालून जातात.

सगळ्या गेमचा एकच मेन्यू करता येईल का?

येतो, आणि आमच्या ऑफिसात तोच आहे. मुलं आली की काळ्या पडद्यावर यादी दिसते, आकडा दाबला की गेम सुरू, गेम बंद केला की पुन्हा यादी. सहा वर्षांच्या मुलालाही जमतं. थोडा छोटा करून देतो:

@एको ऑफ
:मेन्यू
सीएलएस
एको १. गाड्यांची शर्यत
एको २. बुद्धिबळ
एको ३. बाहेर
चॉइस /सी १२३ /एन /एम "आकडा दाबा: "
इफ एररलेव्हल ३ एक्झिट
इफ एररलेव्हल २ गोटू चेस
इफ एररलेव्हल १ गोटू कार्ट

:कार्ट
सीडी /डी "डी:\गेम्स\सुपरटक्सकार्ट"
स्टार्ट "" /वेट "सुपरटक्सकार्ट.ईएक्सई"
गोटू मेन्यू

‘चेस’चा भागही तसाच, फक्त पत्ता वेगळा.

सुरुवातीला कोलन (विसर्गासारखे दोन टिंब) असलेली ओळ म्हणजे खूण, ‘गोटू’ म्हणजे त्या खुणेवर उडी. ‘/वेट’मुळे गेम बंद होईपर्यंत फाइल थांबते, नाहीतर यादी लगेच परत येईल आणि एखादं मूल त्यावर दुसरा गेम चालू करेल.

आता त्या तीन ‘इफ’ ओळींचा क्रम बघा. तीन, दोन, एक असा उलटा आहे. ‘इफ एररलेव्हल १’चा अर्थ ‘उत्तर एक असेल तर’ असा नाही, ‘एक किंवा त्याहून मोठं असेल तर’ असा आहे. मी पहिल्यांदा सरळ एक, दोन, तीन लिहिलं होतं. बुद्धिबळाच्या ओढीने आलेली चौथीतली मुलगी दोन दाबतेय, शर्यत सुरू होतेय, ती बंद करून पुन्हा दोन दाबतेय, पुन्हा शर्यत. शेवटी ती म्हणाली, ‘काका, याला दोन येत नाही का?’ मशीनला दोन येत होतं. मी उतरता क्रम लावायला हवा होता.

मेन्यूच्या फाइलीला ‘चॉइस.बॅट’ असं नाव देऊ नका. सीएमडी आधी जवळच्या फोल्डरमध्ये बघतो, त्यामुळे फाइल स्वतःलाच हाक मारत राहते. ‘टाइमआउट.बॅट’चंही तेच.

आणि एका बॅट फाइलीतून दुसरी चालवायची असेल तर आधी ‘कॉल’ लिहा, नाहीतर दुसरी संपल्यावर पहिलीकडे परत येणं होत नाही.

लाइट गेली की सेव्ह जाते. बॅच फाइलने काही वाचवता येईल का?

लाइट गेली त्या क्षणी गेममध्ये जे होतं ते बॅच फाइल वाचवू शकत नाही. त्यासाठी यूपीएस हवा. पण आधीची सेव्ह फाइल अर्धवट लिहिली जाऊन खराब होणं, किंवा विंडोज नव्याने टाकताना पुसली जाणं, यावर गेम उघडण्याआधी प्रत काढून ठेवणं हा चांगला इलाज आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ दिवस संपवून झोपायला गेल्यावरच सेव्ह होतो, आणि त्या सेव्ह विंडोजच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असतात:

रोबोकॉपी "%ॲपडेटा%\स्टारड्यूव्हॅली\सेव्ह्ज" "ई:\बॅकअप\स्टारड्यू" /ई

पहिला पत्ता कुठून, दुसरा कुठे, आणि ‘/ई’ म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसकट.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. रोबोकॉपीला ‘/एमआयआर’ असा आणखी एक पर्याय आहे. तो दुसरी बाजू पहिलीसारखी हुबेहूब करतो, म्हणजे पहिल्या बाजूला जे नाही ते दुसऱ्या बाजूचं पुसून टाकतो. नौपाड्याला भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं होतं आणि त्याच्या सेव्ह माझ्या पेनड्राइव्हवर होत्या. परत आणताना मी तीच जुनी फाइल चालवली, पत्त्यांची दिशा न बदलता. लॅपटॉपवरचा रिकामा फोल्डर पेनड्राइव्हवर ‘हुबेहूब’ उतरला. दोन सेकंदांचं काम. त्याच्या तीन महिन्यांच्या शेतात एक रोपही उरलं नाही. तो बारा वर्षांचा होता, काही बोलला नाही, नुसता पेनड्राइव्हच्या रिकाम्या खिडकीकडे बघत राहिला. त्यानंतर गेमच्या सेव्हसाठी मी ‘/एमआयआर’ कधीही वापरलेलं नाही, तुम्हीही वापरू नका. ‘प्रत काढ’ आणि ‘परत आण’ अशा दोन वेगळ्या फाइली ठेवा आणि ‘परत आण’च्या सुरुवातीला ‘पॉज’ घाला, म्हणजे बटण दाबण्याआधी क्षणभर विचार करता येतो.

नुसत्या ‘/ई’लाही एक धोका आहे. जुनी फाइल नव्यावर बसू शकते. म्हणून मी दर आठवड्याला ठिकाणाचं नाव बदलतो: स्टारड्यू-१, स्टारड्यू-२. फाइली इतक्या छोट्या असतात की जागेचा प्रश्न येत नाही. नावात ‘%डेट%’ घालून तारीख आपोआप आणता येते, पण तुमच्या विंडोजमध्ये तारखेत तिरकी रेघ येत असेल तर ती फोल्डरच्या नावात चालत नाही.

काही गेम सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवतात. तुमचं ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हमध्ये गेलं असेल तर पत्ता वेगळा निघतो. फोल्डर उघडून वरच्या पट्टीत क्लिक करा आणि खरा पत्ता बघूनच फाइलीत लिहा.

बॅच फाइलने गेम फास्ट चालतो का?

नाही. ग्राफिक्स कार्ड आहे तेच राहतं. फरक पडतो तो मागे चालू असलेले जड प्रोग्राम बंद केल्याने. ‘टास्ककिल /आयएम’ आणि पुढे प्रोग्रामचं नाव अशी ओळ गेमच्या आधी टाका. नाव ‘टास्कलिस्ट’ ही कमांड चालवली की दिसेल.

‘स्टार्ट’ला ‘/हाय’ किंवा ‘/अबव्हनॉर्मल’ देऊन गेमला प्रोसेसरवर अग्रक्रम देता येतो. अडखळणारा गेम कधी कधी थोडा सुधारतो. ‘/रिअलटाइम’ मात्र देऊ नका, गेमने प्रोसेसर धरून ठेवला की माउस आणि कीबोर्डही प्रतिसाद देईनासे होतात. लॅपटॉपवर गेमआधी ‘पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_मिन’ आणि नंतर ‘स्कीम_बॅलन्स्ड’ वापरून बघा. ‘मिन’ म्हणजे कमीत कमी बचत, म्हणजेच पूर्ण ताकद, नावावरून उलटा समज होतो. काही नव्या लॅपटॉपवर हा प्लॅन दिलेलाच नसतो.

मुलाने अर्धा तासच खेळावं. फाइल आपोआप गेम बंद करेल का?

शेजारच्या काकूंनी विचारलेला प्रश्न. हो, करेल. गेम ‘स्टार्ट’ने चालू केल्यावर:

टाइमआउट /टी १८०० /नोब्रेक
टास्ककिल /आयएम सुपरटक्सकार्ट.ईएक्सई

१८०० हे सेकंद. शेवटी ‘/एफ’ लावू नका. ‘/एफ’ गेमला जागच्या जागी तोडतो, सेव्ह करायची संधीही देत नाही. काळी खिडकी बंद केली की मोजणी थांबते हे हुशार मुलाच्या आठवड्याभरात लक्षात येतं. म्हणून काकूंना मी सुचवलं की ही फाइल मुलाला दाखवूनच लिहा, आकडा त्यालाच ठरवू द्या. त्याने पंचेचाळीस मिनिटं मागितली, चाळिसावर ठरलं, २४०० त्याने स्वतः टाइप केलं.

जुने डॉसचे गेम हवेत. ‘डेव्ह’ चालेल का?

थेट नाही. ६४-बिट विंडोज डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. त्यासाठी डॉसबॉक्स हा फुकट प्रोग्राम घ्या आणि बॅट फाइलीत त्याच्या नावापुढे गेमच्या ईएक्सईचा पत्ता कोटमध्ये द्या. जॉन रोमेरोचा ‘डेंजरस डेव्ह’ मी असाच लावलाय. आमच्या सोसायटीत तो मुलांपेक्षा चाळिशीतले बाबा लोक जास्त खेळतात.

विंडोज ९५-९८ काळातल्या सीडीवरच्या गेमची गोष्ट वेगळी. त्यातल्या काहींवर ‘सेफडिस्क’ नावाचं कॉपी-संरक्षण होतं आणि विंडोज १० पासून ते चालत नाही, बॅच फाइलीने तिथे काही होत नाही. गेम ‘डायरेक्टप्ले’ हा विंडोजचा जुना भाग मागत असेल तर मात्र ‘विंडोज फीचर्स’मध्ये ‘लेगसी कॉम्पोनन्ट्स’खाली तो चालू करता येतो.

व्हॉट्सॲपवर कुणीतरी ‘एफपीएस बूस्ट.बॅट’ पाठवलीय. चालवू का?

आधी वाचा. राइट-क्लिक करून ‘एडिट’ निवडा, विंडोज ११ वर ते ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली असू शकतं. चुकूनही डबल-क्लिक करू नका. बॅट फाइल तुमच्या खात्याला जे जे करता येतं ते सगळं करू शकते, तुमचे फोटो पुसणंही त्यात आलं. गेम चालू करायच्या फाइलीत ‘डेल’, ‘आरडी /एस’, ‘फॉरमॅट’, ‘रेग ॲड’ यांचं काय काम? ‘पॉवरशेल’ आणि पुढे अर्थ न लागणारी लांबच लांब अक्षरं दिसली, किंवा ‘कर्ल’ने इंटरनेटवरून काही उतरवायची ओळ दिसली, की फाइल काढून टाका. काही फाइली ‘बूस्ट’च्या नावाखाली विंडोजची सुरक्षा बंद करतात आणि नंतर ॲडमिनची परवानगी मागतात. गेम चालू करायला ॲडमिनची परवानगी सहसा लागत नाही.

दहा ओळींच्या फाइलीत एक जरी ओळ कळली नाही, तर ती कळेपर्यंत फाइल चालवू नये असं माझं ठाम मत आहे. सीएमडीत कमांडचं नाव, स्पेस आणि ‘/?’ टाइप केलं की तिची माहिती तिथेच मिळते. मुलांना मी हेच आधी शिकवतो, गेम नंतर.

फाइलीला गेमचा आयकॉन देता येईल का?

बॅट फाइलीला नाही, तिच्या शॉर्टकटला येतो. शॉर्टकटच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘चेंज आयकॉन’, आणि तिथे गेमची ईएक्सई दाखवा. त्याच जागी ‘रन’पुढे ‘मिनिमाइज्ड’ निवडलं की काळी खिडकी समोर येत नाही. टास्कबारला पिन करायची असेल तर शॉर्टकटच्या ‘टार्गेट’मध्ये सुरुवातीला ‘सीएमडी /सी’ आणि एक स्पेस घाला.

विंडोज १० वर लिहिलेली फाइल नव्या ११ वर चालेल का?

चालेल, कमांड त्याच आहेत. बदलतात ते पत्ते. नव्या मशीनवर युजरचं नाव वेगळं असेल तर ‘सी:\युजर्स\...’ असं हाताने लिहिलेलं सगळं मोडतं. त्या जागी ‘%युजरप्रोफाइल%’ लिहा, विंडोज योग्य नाव स्वतः घालतं. भाच्याने गेल्या दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्याच्या सात फाइलींपैकी सहा तशाच चालल्या. सातव्यात ‘डी’ ड्राइव्ह होता आणि नव्या लॅपटॉपला एकच ‘सी’ होता. त्याने ते स्वतः शोधलं, स्वतः बदललं आणि मग मला फोन केला.